ई-कचरा व किरणोत्सारी प्रदूषण

वापरातून बाद झालेली विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी उपकरणे व त्यांचे सुटे भाग यांना ई-कचरा म्हणतात. संगणक, मोबाइल, टीव्ही, फ्रीज, वातानुकूलक, ट्यूबलाइट, विजेवरची खेळणी, सौर पॅनेल आणि रुग्णालयांतील यंत्रे यांचा त्यात समावेश होतो. किरणोत्सारी पदार्थ आपल्या संरक्षक कवचाबाहेर पडून माती, पाणी, धातू किंवा माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचला, की किरणोत्सारी प्रदूषण होते. भारतीय कायद्याने हे दोन्ही विषय वेगळे ठेवले आहेत. ई-कचऱ्याचे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली येतात, तर किरणोत्सारी टाकाऊ पदार्थ अणुऊर्जेच्या स्वतंत्र कायद्याखाली. भंगाराच्या गोदामात मात्र ही सीमा कोणी पाळत नाही. प्रयोगशाळेतले जुने यंत्र आणि संगणकाच्या पेट्या तिथे एकाच काट्यावर, किलोच्या भावाने तोलल्या जातात. वापरात असेपर्यंत सुरक्षित असलेली वस्तू फोडताना घातक ठरते आणि फोडणाऱ्याला आत काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. दोन्ही प्रकारच्या हानीचे मूळ इथे आहे.

प्रमाण

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. दरडोई हे प्रमाण ७.८ किलो पडते. त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेला घरात पडून राहतो, कचराभूमीवर जातो किंवा अनौपचारिक बाजारात पोहोचतो. २०३० पर्यंत वार्षिक प्रमाण ८.२ कोटी टनांवर जाईल असा याच अहवालाचा अंदाज आहे.

भारत हा चीन व अमेरिका यांच्यानंतरच्या सर्वांत मोठ्या ई-कचरा निर्मात्यांपैकी आहे. राज्यसभा सचिवालयाच्या २०११ मधील अहवालात राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आणि शहरांमध्ये मुंबईचा क्रमांक पहिला होता. देशातील साठ टक्क्यांहून अधिक ई-कचरा ६५ शहरांतून येतो, असेही त्यात नमूद होते.

घातक घटक

जुन्या टीव्ही व मॉनिटरच्या चित्रनळीतून बाहेर पडणारी क्ष-किरणे अडवण्यासाठी तिच्या मागच्या, नरसाळ्याच्या आकाराच्या काचेत मोठ्या प्रमाणात शिसे घातलेले असते. वापरणाऱ्याचे रक्षण करणारे हे शिसे नळी फुटल्यावर मातीत उतरते. जुन्या सर्किट बोर्डांच्या डाखात कथिलाबरोबर शिसे असते. ट्यूबलाइट, सीएफएल व जुन्या एलसीडी पडद्यांच्या दिव्यांत पारा, निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांत कॅडमियम, तर काही जोडण्यांच्या मिश्रधातूंत बेरिलियम असते. प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके मिसळतात. जुन्या फ्रीज व वातानुकूलकांतील वायू ओझोनचा थर विरळ करतात. त्यांच्या जागी आलेल्या अनेक वायूंनी पृथ्वीची तापमानवाढ होते. लिथियम-आयन बॅटरी चिरडली गेली की पेट घेऊ शकते आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो.

याच कचऱ्यात तांबे, चांदी, सोने व पॅलेडियमही असते. एक टन जुन्या मोबाइलमध्ये सोन्याच्या चांगल्या खाणीतील एक टन खनिजाच्या कितीतरी पट सोने निघते. भंगार बाजारात ई-कचऱ्याला भाव मिळतो तो या धातूंमुळे.

अनौपचारिक तोडकाम

दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद, मुंबईतील कुर्ला व साकीनाका ही भारतातील तोडकामाची ओळखीची ठिकाणे आहेत. कामाची पद्धत सर्वत्र जवळपास सारखी आहे. मदरबोर्ड शेगडीवर किंवा तापलेल्या पत्र्यावर धरतात. डाख वितळला की पक्कडीने चिप्स उपटून घेतात. चालू स्थितीतल्या चिप्स दुरुस्तीच्या बाजारात जातात. खाली ठिबकलेला डाख गोळा करून वेगळा विकतात. उरलेला बोर्ड प्लॅस्टिकच्या पिंपात नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवतात. पिंपावर तपकिरी वाफ तरंगते. ती नायट्रोजन डायऑक्साइडची असते आणि फुप्फुसांना भाजते. आम्लात विरघळलेले सोने गाळाच्या रूपात तळाशी बसवून वेगळे करतात, आणि इतर धातू विरघळलेले आम्ल गटारात ओततात. वायरींचे भेंडोळे पेटवून वरचे पीव्हीसी जाळतात व तांबे घेतात. पीव्हीसीतील क्लोरीन, अर्धवट ज्वलन आणि तांब्याचा उत्प्रेरक गुण यांच्या एकत्र परिणामाने डायॉक्सिन व फ्युरान तयार होतात.

पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादेत धातू गाळण्याचे कसब पिढीजात आहे. पितळेचा धंदा मंदावल्यावर हेच कसब सर्किट बोर्डांकडे वळले. बोर्ड जाळून झालेली राख दळून रामगंगेच्या काठावर धुतली जाऊ लागली. धातूचे कण तळाशी राहतात आणि काळे पाणी नदीला मिळते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या प्रकाराची दखल घेऊन प्रशासनाला कारवाईचे आदेश दिले.

पर्यावरणीय परिणाम

जड धातूंचे विघटन होत नाही. मातीत उतरलेले शिसे वरच्या थरात दशकानुदशके राहते आणि धुळीवाटे घराघरात येते. कॅडमियम पिकांच्या मुळांतून धान्यात व पालेभाज्यांत चढते. पाण्यातील सूक्ष्मजीव पाऱ्याचे मिथिलमर्क्युरीत रूपांतर करतात. ते मासळीत साठत जाते आणि मोठ्या माशांत त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. डायॉक्सिन चरबीत विरघळत असल्याने दूध, अंडी व मांस यांतून माणसापर्यंत पोहोचते. घानामधील आक्रा शहरातील अग्बोग्ब्लोशी या भंगारवस्तीत मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी २०१९ मध्ये तपासली गेली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एका दिवसासाठी सह्य मानलेल्या डायॉक्सिनच्या मात्रेच्या सुमारे २२० पट मात्रा तिथले एक अंडे खाल्ल्याने शरीरात जाते, असे त्या तपासणीत आढळले. तोडकामाशी काहीही संबंध नसलेल्या घरापर्यंत हे विष कसे पोहोचते, ते यावरून कळते.

आरोग्यावरील परिणाम

शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलांच्या आतड्यांतून शिसे चार ते पाच पट अधिक शोषले जाते. त्याने बुद्धी, एकाग्रता व वर्तन यांवर कायमचा परिणाम होतो. हाडांत साठलेले शिसे गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरते व गर्भापर्यंत पोहोचते. आईने अनेक वर्षांपूर्वी केलेल्या कामाची किंमत अशा रीतीने मूल मोजते. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील ग्वियू हे एकेकाळी जगातील सर्वांत मोठे ई-कचरा केंद्र होते. तेथील मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसे असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शेजारच्या चेंदियान गावातील मुलांमध्ये ते ९.९४ होते.

कॅडमियम मूत्रपिंडात साठून ते निकामी करते व हाडे ठिसूळ करते. शरीरातून ते बाहेर पडायला दशके लागतात. पाऱ्याचा मारा मज्जासंस्थेवर होतो. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके अवटू ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. डायॉक्सिनांपैकी सर्वांत विषारी टीसीडीडी या संयुगाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्ककारकांच्या गटात ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अहवालानुसार सुमारे १.२९ कोटी स्त्रिया अनौपचारिक कचरा क्षेत्रात काम करतात. अनौपचारिक उद्योगांत राबणाऱ्या मुलांची संख्या १.८ कोटींहून अधिक असून कचरा हाताळणे हा त्या उद्योगांचाच एक भाग आहे. बारीक बोटे चिमुकले भाग पटकन सुटे करतात म्हणून मुलांना या कामाला लावले जाते, ही या धंद्यातील सर्वांत लाजिरवाणी बाब आहे.

प्रारणाचे दोन प्रकार

किरणोत्साराकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रारणाविषयीच्या, म्हणजे रेडिएशनविषयीच्या, चर्चेत दोन अगदी भिन्न गोष्टींची गल्लत होते. क्ष-किरण, गॅमा किरण व किरणोत्सारी अणूंतून बाहेर पडणारे कण ही आयनीकारक प्रारणे होत. अणूतील इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात असते, म्हणून ती पेशींतील डीएनए तोडू शकतात. मोबाइल, टॉवर व वायफाय यांच्या रेडिओलहरींत तेवढी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम ऊतक किंचित तापवण्याचा आहे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना 'संभाव्य कर्ककारक' गटात टाकले. पुरावा अपुरा पण दुर्लक्ष करता न येणारा असल्यास हा गट दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश ठेवली आहे.

गच्चीवरच्या टॉवरविरुद्ध सोसायट्यांच्या सभा गाजतात. भंगारात जाणाऱ्या किरणोत्सारी वस्तूंकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. धोका तिथेच मोठा आहे. काही धूरसूचक यंत्रांत ४३२ वर्षांचे अर्धायुष्य असलेले अमेरिसियम-२४१ असते, जुन्या चमकत्या तबकड्यांवर रेडियम असते आणि कारखान्यांतील मापकयंत्रांत व कर्करोगाच्या उपचारयंत्रांत कोबाल्ट-६० किंवा सिझियम-१३७ यांचे उद्गम (प्रारणस्रोत) असतात.

प्रमुख दुर्घटना

ब्राझीलमधील गोयानिया येथे सप्टेंबर १९८७ मध्ये एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून उपचारयंत्राचा भाग भंगारासाठी काढून नेला गेला. तो फोडल्यावर आतील सिझियम क्लोराइडची पूड अंधारात निळी चमकू लागली. लोकांनी ती कुतूहलाने अंगाला लावली, नातेवाइकांत वाटली. चौघांचा मृत्यू झाला, २४९ जण बाधित झाले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली.

भारतातील सर्वांत गंभीर घटना दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये घडली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६० च्या दशकात कॅनडातून आणलेले 'गॅमा सेल' हे यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात विकले गेले. बाजारात कामगारांनी त्याचे शिशाचे जाड कवच फोडले आणि आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. हाताळणाऱ्यांची कातडी काळवंडली, केस गळले, अस्थिमज्जेचे काम मंदावले. डॉक्टरांना कारण उमगेपर्यंत काही दिवस गेले. सात जणांना रुग्णालयात ठेवावे लागले व एका कामगाराचा मृत्यू झाला. अणुघटनांच्या तीव्रतेच्या आंतरराष्ट्रीय मापश्रेणीत या अपघाताला चौथी पातळी देण्यात आली. अणुऊर्जा नियामक मंडळ व भाभा अणु संशोधन केंद्र यांच्या तज्ज्ञांनी विखुरलेले उद्गम शोधून काढून नरोरा अणुवीज केंद्रात हलवले.

दोन वर्षे आधी धोक्याची सूचना महाराष्ट्रातूनही मिळाली होती. २००८ मध्ये फ्रान्समधील उद्वाहनांच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. पोलाद भारतातून गेले होते आणि त्याचा माग रायगड जिल्ह्यातील एका ओतशाळेपर्यंत लागला. भंगारातून आलेला उद्गम भट्टीत वितळला, की तो तयार मालाच्या कणाकणांत मिसळतो.

कायदे व नियमन

घातक कचऱ्याची देशोदेशींची वाहतूक १९८९ च्या बाझल कराराने नियंत्रित केली. १ जानेवारी २०२५ पासून सर्व प्रकारचा ई-कचरा परदेशी पाठवण्याआधी त्या देशाची पूर्वसंमती आवश्यक ठरली. भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले व मे २०१२ पासून लागू झाले. त्यानंतर २०१६ व २०२२ मध्ये नवे नियम झाले. २०२२ च्या नियमांनी १०६ प्रकारची उपकरणे कक्षेत आणली आणि उत्पादकांवर विस्तारित उत्पादक जबाबदारीनुसार, म्हणजे विकलेल्या मालाच्या शेवटाची जबाबदारीही उत्पादकाचीच या तत्त्वानुसार, पुनर्चक्रणाची उद्दिष्टे बंधनकारक केली. २०२३-२४ साठी ६० टक्क्यांचे असलेले उद्दिष्ट २०२७-२८ पासून ८० टक्के होते. नव्या उपकरणांत शिसे, पारा व षट्संयुजी क्रोमियम ०.१ टक्क्यापेक्षा आणि कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक असू नये, असेही बंधन आहे.

या नियमांतून किरणोत्सारी कचरा स्पष्टपणे वगळलेला आहे. तो अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतो. उद्गम ज्याच्याकडे आहे त्याने तो निकामी झाल्यावर पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडे परत करायचा असतो. मायापुरीत नियम होता, पण यंत्राची नोंद व आठवण ठेवणारे कोणी उरले नव्हते.

उपाय

तोडकामावर नुसती बंदी घातली की ते अधिक आतल्या गल्लीत सरकते, असा सर्वत्र अनुभव आहे. संकलन, वर्गीकरण व दुरुस्ती ही कामे भंगारवाले व कचरावेचक उत्तम करतात. आम्ल व जाळ यांची कामे मात्र बंदिस्त, धूरशुद्धी असलेल्या कारखान्यांतच व्हायला हवीत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचकांना संघटित केले आणि त्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने त्यांना शहराच्या कचरा व्यवस्थेत हक्काची जागा मिळवून दिली. ई-कचऱ्यासाठीही हीच दिशा योग्य आहे.

घरातील बाद उपकरणे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्रात द्यावीत. फुगलेली बॅटरी किंवा फुटलेली ट्यूब वेगळी बांधून द्यावी. उपकरण दुरुस्त करून अधिक काळ वापरणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. रुग्णालये, महाविद्यालये व कारखाने यांनी लिलावापूर्वी प्रत्येक जुन्या यंत्राची किरणोत्सर्गासाठी तपासणी करावी, मोठ्या भंगार बाजारांत व ओतशाळांच्या दारात प्रारणमापक बसवावेत, आणि तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह प्रत्येक तोडकामगाराला ओळखता यावे. वस्तू विकत घेणारा तिचा लाभ घेतो. तिच्या शेवटाचा खर्चही त्याने आणि उत्पादकाने मिळून उचलला, तरच तो तोडकामगाराच्या शरीरातून वसूल होणार नाही.