वाझ-गोन्साल्विस : एक जाझ घराणे

‘घराणे’ हा शब्द उच्चारला, की आम्हां चिकोडी-निपाणीकडील लोकांस प्रथम मिरज आठवते आणि मिरजेबरोबर अब्दुल करीम खाँसाहेब. परंतु त्याच मिरजेस जाणाऱ्या लोहमार्गाने, आमच्या चिकोडी रोड स्थानकावरून, गोमंतकीय वादकही मुंबईस जात असत. त्यांच्यातही घराणी निर्माण झाली, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. त्यांपैकी एकाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आंतोनियु शाव्हियेर वाझ यांचा जन्म १९१६ साली बार्देशातील हळदोणे येथे झाला. त्या काळी गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व वाद्यवादन शिकवीत. हेतू उपासनेतील गायनाचा; पण त्या विद्येवर कित्येकांनी पुढे मुंबईत पोट भरले. वाझ यांनी ट्रंपेट हाती घेतला, लुई आर्मस्ट्राँग यांस आदर्श मानले आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमहाल हॉटेलात आपला वाद्यवृंद गाजविला.

पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी त्यांचे गुण हेरले. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतास चिक यांचा हातभार लागला. पडद्यावरही ते दिसले. त्याच वर्षी ‘नादान’ला त्यांनी स्वतंत्र संगीत दिले. तथापि असा मान थोड्यांच्याच वाट्यास आला. चाल संगीतकाराची, पण ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरविणारे बहुधा गोमंतकीय असत आणि जाहिरातीत त्यांचे नाव क्वचितच झळके. १९६७ साली चिक निवर्तले.

त्यांची कन्या इव्होन गायिका झाली. तिचा विवाह नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्याशी झाला. जाझचा वादक बदलत्या स्वरसंघांच्या आधारे उत्स्फूर्त विस्तार करतो. रागात असे बदलते स्वरसंघ नसतात, षड्ज अचल असतो. ही दोन शिस्ती एका वाद्यात सांधण्याचे कठीण काम ब्राझ यांनी केले. लुई बँक्स आणि कर्नाटक संगीताच्या गायिका रमामणी यांच्यासमवेतही ते वाजवीत. मुंबईत १९७८ साली सुरू झालेल्या ‘जाझ यात्रे’ने अशा प्रयोगांस व्यासपीठ दिले.

सासऱ्याने जाझचा ठेका आमच्या चित्रगीतांत आणला. जावयाने आमचा राग जाझमध्ये नेला. यास घराणे म्हणू नये, तर काय म्हणावे?

सीमेवरील गावे कोणत्या राज्यात असावीत, हा वाद आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्या गदारोळात आमच्या गावोगावच्या बँडपथकांतील वादकांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत. चिक यांचे नाव चित्रपटामुळे तरले. ज्यांना तसा आधार नव्हता, त्यांची नावे वृद्धांच्या स्मरणात आहेत तोवरच विचारून घेतली पाहिजेत. वाचकांनी निदान आपल्या गावापासून आरंभ करावा, एवढीच विनंती.