देव्हाऱ्यातला संगमरवर

मंडळी, आणि हे पुस्तक हातात घेऊन बसलेल्या वाचकहो, पुढे वाचण्याआधी एकदा उठा आणि आपल्या देव्हाऱ्यात डोकावून या. टाक असतील, पितळेचा रांगता बाळकृष्ण असेल, अन्नपूर्णा असेल, शंख-घंटा असेल. आणि या सगळ्या जुन्या मंडळींच्या शेजारी एखादी पांढरीशुभ्र मूर्ती असेल. राधाकृष्ण, गणपती, नाहीतर विठ्ठल-रखुमाई. कुणी वास्तुशांतीला दिलेली, कुणी जयपूरच्या सहलीतून मांडीवर घेऊन आणलेली. आता तिच्या पायाशी नीट बघा. पिवळट झाक आली आहे का? नाकाच्या शेंड्यावरची चकाकी गेली आहे का?

त्या पिवळेपणावरून घराघरांत काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई म्हणतात, सुनेनं पारोशानं हात लावला. सून मनात म्हणते, मी तर रोज पंचामृताने न्हाऊ घालते, तरी देव माझ्यावर का रुसला? शेजारची कुणीतरी सांगते, घरात दोष आहे, शांत करून घ्या. आणि एके दिवशी ती मूर्ती कापडात गुंडाळून पिंपळाच्या पारावर जाऊन बसते. अहो, ज्याला वाजतगाजत आणलं, त्याला अंधारात सोडून यायचं! आणि कारण काय, तर दह्याची वाटी. कशी ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आपल्या पूर्वजांचा देव्हारा आठवा. पंचायतनात पाच देव, आणि पाचही नदी-डोंगरांतून आलेले. विष्णू म्हणजे गंडकीचा शाळिग्राम. शंकर म्हणजे नर्मदेतला बाण. गणपतीला शोण नदीचा तांबडा दगड, देवीला सुवर्णमुखीचा, आणि सूर्य स्फटिकाचा. घडवलेली मूर्ती असली तर लहान. मत्स्यपुराणात घरच्या मूर्तीचं माप सांगितलं आहे : अंगठ्याच्या पेरापासून वितभर, त्याहून मोठी घरात नको. म्हणजे देव ताम्हनात मावला पाहिजे, हातात घेऊन पुसता आला पाहिजे. आणि देवळातला देव? आपला महाराष्ट्रच काळ्या पाषाणाचा. वेरूळचं कैलास त्यातूनच कोरलं. हा अग्निजन्य दगड, दही-ताकाला भीक घालत नाही. पितळ काळवंडलं तर चिंच लावून लख्ख करता येतं. अशा देवांना पंचामृताची आंघोळ घालण्याची सवय आपल्या हाताला पिढ्यान् पिढ्या लागली.

संगमरवर मुळात आपल्या मातीतला नव्हे. त्याचं घर राजस्थान-गुजरातेकडे. अबूच्या पहाडावर देलवाड्याची मंदिरं आहेत, त्यातलं विमल वसही १०३१ सालचं. सगळं संगमरवरात, छताला कमळं अशी लोंबतात की दगड आहे हे पटत नाही. मकराण्याच्या खाणीचा दगड सतराव्या शतकात ताजमहालाला गेला. पुढे १७२७ साली सवाई जयसिंगाने जयपूर वसवलं, तिथे कारागिरांच्या पेठा झाल्या, आणि आजही तिथल्या गल्ल्यांतून चालताना पांढऱ्या भुकटीने माखलेले हात देव घडवताना दिसतात. आपल्याकडे संगमरवरी मूर्तीची ओढ वाढली तिला अनेक कारणं आहेत. त्यातलं एक ठळक नाव शिर्डीचं. बाळाजी वसंत तालीम यांनी इटलीच्या संगमरवरात घडवलेली साईबाबांची मूर्ती १९५४ च्या विजयादशमीला तिथे बसली, आणि देव किंवा संत म्हटलं की पांढरा दगड हे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांत पक्कं झालं. मध्यमवर्गीय देव्हाऱ्यात हा पाहुणा तसा नवाच. पण पाहुण्याला काय सोसतं हे न विचारता आपण त्याला घरच्याच पंगतीला बसवलं.

आता जरा शाळेतलं आठवा. संगमरवर म्हणजे काय? चुनखडीच. पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पुन्हा घडलेली, पण जात चुन्याची. चुनखडीवर लिंबू पिळलं की फेस येतो ना? संगमरवरावर तेच होतं, फक्त दह्याने ते इतकं हळू होतं की डोळ्याला दिसत नाही. दही आंबट, मधही गुणाने आंबटच. रोज थोडी थोडी झिलई खाल्ली जाते. झिलई गेली की दगडाची बारीक छिद्रं उघडी पडतात, आणि मग हळद, कुंकू, तूप, दुधातली साय आत शिरते. आत गेलेलं तूप दगडात जुनं होतं आणि पिवळं पडतं. म्हणजे बघा, सुनेने सेवा जितकी जास्त केली, तितकी मूर्ती लवकर पिवळी झाली! आणि बोल कुणाला? तिलाच.

लगेच कुणी विचारील, मग महाराज, अभिषेक बंद करायचा? शास्त्र मोडायचं? मोडायचं नाही, नीट वाचायचं. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात भगवंत उद्धवाला पूजाविधी सांगतात. हाच तो स्कंध, ज्यावर नाथमहाराजांनी मराठीत टीका केली आणि १५७३ मध्ये काशीत पुरी केली. तिथे मूर्तीचे आठ प्रकार सांगितले आहेत : दगडाची, लाकडाची, धातूची, मातीच्या लेपाची, चित्रातली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. आणि लगेच पुढे सांगतात की स्नान सरसकट नाही. लेपाच्या, रंगाच्या मूर्तीला नुसतं पुसावं. तुम्ही म्हणाल, दगडाला तर स्नान सांगितलंय. खरं आहे. पण तुमच्या घरची मूर्ती नुसती दगडाची आहे का? तिचे डोळे रंगवलेले, ओठ रंगवलेले, मुकुटावर आणि शेल्याच्या काठाला सोनेरी काम. ती अर्धी शिळा आणि अर्धं चित्र आहे. तिच्यावर रोज तांब्या ओतला तर वर्षा-दोन वर्षांत देवाच्या डोळ्यातलं बुबुळ निघून जायचं.

याचं उत्तर जुन्या लोकांनी कधीच काढून ठेवलं आहे. ते बघायला पुरीला चला. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा लाकडाचे, वर रंग. मग रोजचं स्नान कसं? सकाळी देवासमोर आरसा धरतात, त्यात देवाचं प्रतिबिंब पडतं, आणि पाणी त्या प्रतिबिंबावर घालतात. देव न्हाला, आणि रंगाला थेंब लागला नाही! खरंखुरं स्नान वर्षातून एकदा, ज्येष्ठ पौर्णिमेला, १०८ घागरींचं. आणि ते झालं की देव आजारी पडतात, पंधरा दिवस दर्शन बंद. अहो, आजारी म्हणजे काय? ओल्या लाकडाला सुकायला आणि रंगकामाला वेळ द्यायचा. केवढी माया आहे बघा : डागडुजीला त्यांनी आजारपण म्हटलं, आणि देवाला काढेसुद्धा दिले.

आणि ज्यांच्याकडे संगमरवराची परंपरा हजार वर्षांची आहे, ते काय करतात? श्वेतांबर जैनांच्या देरासरात जाऊन बघा. जिनमूर्तीचा प्रक्षाल झाला की एकामागून एक तीन वस्त्रांनी मूर्ती पुसतात. तीन! कोपऱ्यात, कानामागे, मांडीच्या बेचक्यात ओल राहू देत नाहीत. आपण पंचामृत घेतलं, पण तिसरं वस्त्र घ्यायचं राहिलं.

बरं, ही काळजी फक्त संगमरवरालाच लागते असंही नाही. उज्जैनचं महाकालाचं मंदिर अठराव्या शतकात शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी पुन्हा उभं केलं. तिथल्या ज्योतिर्लिंगाची झीज होऊ लागली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ मध्ये भक्तामागे शुद्ध केलेलं अर्धा लिटर पाणी, असं माप ठरलं. २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की भक्तांनी दही, तूप, मध लिंगाला चोळू नये. त्याच वर्षी जूनमध्ये, आषाढीच्या तोंडावर, पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी वज्रलेप केला. वज्रलेप हा शब्द काही कालचा नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याची कृती आहे : कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, सालईच्या बिया, धामणीची साल, वेखंड हे सगळं उकळून एक-अष्टमांश उरेपर्यंत आटवायचं, मग गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल वगैरे घालून गरम गरम लावायचं. (हे घरी करून बघू नका, बरं का. बिब्बा उतला तर देवाआधी तुमचा वैद्य शोधावा लागेल.) आणि अगदी अलीकडचं, अयोध्येचं. २२ जानेवारी २०२४ ला जी मूर्ती बसली ती कर्नाटकातल्या काळ्या कृष्णशिलेची. मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवरातही एक मूर्ती घडवलेली होती. पण रोज अभिषेक होणाऱ्या गाभाऱ्यात काळा पाषाणच गेला.

तर मग घरी करायचं काय? अभिषेक हवा असेल तर तो पितळेच्या बाळकृष्णावर करा, सुपारीवर करा. देवळात मूळ मूर्ती जागेवर आणि स्नानाला, मिरवायला उत्सवमूर्ती, ही वाट जुनीच आहे. संगमरवरी मूर्तीवर फुलाने दोन थेंब शिंपडा, तेवढं प्रोक्षण पुरे. मग मऊ सुती कापडाने लगेच टिपा. रंगाच्या जागी घासायचं नाही. बेचक्यातली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांड्यांची पावडर, खायचा सोडा यातलं काही लावायचं नाही. हळद-कुंकू कपाळाला न लावता पायाशी विड्याच्या पानावर वाहा. निरांजन हातभर लांब. काजळी आणि तुपाचे थेंब हे संगमरवराचे दोन वैरी. ओली फुलं रात्रभर मांडीवर ठेवू नका, झेंडूचा रंग उतरतो. मारुती संगमरवरी असेल तर शेंदूर-तेल त्याच्या अंगाला नको, शेजारी तांदळा ठेवा आणि त्याला माखा. उचलताना खालच्या बैठकीला दोन्ही हातांनी धरा. बासरी आणि सोंड या धरायच्या मुठी नव्हेत.

पिवळेपणा आलाच असेल तर? ताजमहालही पिवळा पडतो. १९९४ पासून पुरातत्त्व विभाग त्याला अधूनमधून मुलतानी मातीचा लेप लावतो. लेप वाळताना मळ ओढून घेतो, मग शुद्ध पाण्याने धुतात. रंग नसलेल्या पाठीवर, बैठकीवर तुम्हीही हे करून बघू शकता, आधी मागच्या कोपऱ्यात. सगळा डाग जाईल असं नाही. मुरलेलं तूप सहज सुटत नाही.

आणि हात तुटला तर? १८५५ सालची गोष्ट आहे, कलकत्त्याजवळ दक्षिणेश्वरची. राणी रासमणीचं देऊळ नुकतंच झालेलं. पुजाऱ्याचा पाय घसरला आणि कृष्णाच्या मूर्तीचा पाय मोडला. पंडितांनी निकाल दिला : भग्न मूर्ती गंगेत सोडा, नवी घडवा. राणीचं मन होईना. रामकृष्णांना विचारलं. ते म्हणाले, राणीच्या जावयाचा पाय मोडला तर त्याला टाकून देऊन दुसरा जावई आणणार का? औषधपाणीच करणार ना? आणि त्यांनी स्वतः तो पाय जोडून दिला, इतका सफाईने की सांधा कळेना. मूर्ती पूजेत राहिली. तेव्हा बोट तुटलं, बासरी निखळली, तर तुकडा जपून ठेवा आणि मूर्तिकाराकडे जा. पुराणांत जीर्णोद्धाराचे अध्याय आहेत ते उगाच नाहीत. मूर्तीचे अगदीच तुकडे झाले तर तिचं विसर्जन घरातल्या सगळ्यांनी मिळून, पूजा करून करा. पारावर, कचऱ्याच्या कडेला नव्हे. आणि सुनेला काही म्हणू नका, तिने जेवढं कळलं तेवढं प्रेमाने केलं.

गोकुळाष्टमीला रात्री बाराला पितळेचा बाळकृष्ण ताम्हनात घ्या आणि हवं तेवढं दूध-दही घाला. त्याला आवडतं, आणि सोसतंही. शेजारचा संगमरवरी मुरलीधर नुसत्या ओलसर फडक्याने पुसा, कोरडा करा, मऊ वस्त्र नेसवा. जर तेवढी आतल्या बाजूला येऊ देऊ नका, चरे पडतात.