दातातला दात: न दिसलेल्या आकाराचा इतिहास

१/ वरच्या जबड्यातील, पटाशीच्या दातांपैकी कडेचा एक दात. कीड नाही, चीर नाही, मार लागल्याची खूण नाही. तरीही मुळाशी गळू. या कोड्यावर दंतवैद्यांचे उत्तर दीर्घकाळ एकच होते: दात उपटा. ते उत्तर कसे बदलले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ दात जबड्याच्या हाडात घडतो. घडण पूर्ण होण्याआधी क्वचित त्याचे कोवळे आवरण आत दुमडते. हातमोज्याचे बोट आत ढकलावे तसे. दात उगवल्यावर वर दिसते ती टाचणीच्या टोकाएवढी खाच. आत मात्र एक अरुंद कप्पा असतो. जंतू तेथून शिरतात आणि कीड दिसण्यापूर्वीच दाताचा गर मरतो.

३/ १७९४ मध्ये प्लोके यांनी देवमाशाच्या दातात अशी घडण नोंदवली. माणसाच्या दातातील वर्णने १८५५-५६ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक सॉक्रेटिस नावाच्या दंतवैद्याचे! पण जिवंत माणसाच्या तोंडातील दाताचे अंतरंग पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

४/ ते मिळाले १८९५ च्या अखेरीस. राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी ते २५ मिनिटे निश्चल राहिले.

५/ अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स यांनी १८९९ मध्ये मुळाच्या नलिकेत शिशाची तार घालून क्ष-किरण चित्र घेतले. नलिका किती लांब, हे अंदाजाऐवजी डोळ्यांनी ठरू लागले.

६/ परंतु दिसणे म्हणजे समजणे नव्हे. १९१० मध्ये माँट्रियल येथे विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने सोन्याच्या टोप्यांखाली साचणाऱ्या संसर्गावर कठोर टीका केली. त्यातून मत पसरले, की संधिवातासारख्या अनेक व्याधींचे मूळ दातांत असते. मग चित्रात मुळाशी सावली दिसणे, किंवा दाताचा गर मेलेला असणे, एवढेच दात उपटायला पुरेसे ठरू लागले.

७/ या सरसकट उपटण्याविरुद्ध केल्स ठामपणे उभे राहिले. ज्या किरणांनी दात वाचवायचे, त्यांच्याच साक्षीने दात जात होते. त्याच किरणांनी केल्स यांना कर्करोग दिला: आधी बोटे, मग हात गेला. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच जीवन संपवले.

८/ दरम्यान झुरिचमध्ये वॉल्टर हेस यांनी उपटलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरून ते कठीण केले आणि दात आम्लात विरघळवला. उरला तो नलिकांचा साचा. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने दाखवले, की नलिका म्हणजे सरळ नळी नव्हे. तिला फाटे आणि आडवाटा असतात.

९/ १९५७ मध्ये सिंगापूरमधील ओलर्स यांनी दुमडलेल्या दातांचे तीन प्रकार मांडले. तिसऱ्या प्रकारात हा कप्पा मूळ भेदून बाहेर उघडतो. येथे मुळाशी गळू असूनही दाताचा गर जिवंत असू शकतो! अशा वेळी केवळ कप्पा स्वच्छ करून भरला, तर गर वाचवता येतो.

१०/ १९६५ मध्ये ककेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांचा गर उघडा केला. सामान्य उंदरांत तो मेला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र त्यावर नवे आवरण धरले. विलक्षण आकार हा रोग नव्हे. तो जंतूंसाठी उघडे राहिलेले दार आहे, हे यातून उमगते.

११/ म्हणूनच आज ती खाच वेळीच ओळखून, संसर्गापूर्वी बंद करण्यावर भर असतो. संसर्ग झालाच, तर त्रिमितीय क्ष-किरण चित्रावरून आधी कप्प्याची वाट शोधली जाते आणि मग उपचार होतो. दात तोच आहे, खाचही तीच. बदलला तो प्रश्न: ‘उपटावा का?’ याआधी ‘आत आहे तरी काय?’ असे विचारले जाऊ लागले.