आठ स्थाने, एक गाडी : चिंचवड परिसर आणि अष्टविनायक यात्रा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कुटुंबांना सुटीच्या दिवसांत ज्या बहुस्थळी सहलींचे आरक्षण करावे की करू नये असा प्रश्न पडतो, त्यांत अष्टविनायक यात्रेचे स्थान वेगळे आहे, कारण तिच्याकडे केवळ सहल म्हणून न पाहता पूर्वापार चालत आलेला आचार म्हणून पाहिले जाते आणि त्यामुळे आठही स्थाने एकाच फेरीत पाहणे म्हणजे परंपरा पाळणे असे सहज गृहीत धरले जाते. हे गृहीत इतिहासाला धरून नाही. आठ स्थाने जुनी आहेत, त्यांची एकत्र गणनाही जुनी आहे. परंतु एका गाडीत बसून दीड-दोन दिवसांत आठही ठिकाणे उरकण्याची रीत मोटाररस्त्यांच्या काळात रुजली. आरक्षणाचा निर्णय घेण्यापूर्वी हा भेद समजून घेणे उपयोगाचे ठरते.

अष्टविनायक म्हणजे मोरगावचा मयूरेश्वर, सिद्धटेकचा सिद्धिविनायक, पालीचा बल्लाळेश्वर, महडचा वरदविनायक, थेऊरचा चिंतामणी, लेण्याद्रीचा गिरिजात्मज, ओझरचा विघ्नेश्वर आणि रांजणगावचा महागणपती. यांपैकी पाच स्थाने पुणे जिल्ह्यात, दोन रायगड जिल्ह्यात आणि एक, म्हणजे सिद्धटेक, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. मुद्गल पुराणात गणपतीचे जे आठ अवतार सांगितले आहेत त्यांच्याशी या आठ देवळांची गल्लत पुष्कळदा केली जाते, पण ते अवतार आणि ही स्थाने यांचा एकास एक संबंध नाही. ही आठ नावे महाराष्ट्रातील घराघरांत पोचली ती मुख्यतः लग्नातील मंगलाष्टकांच्या आरंभी म्हटल्या जाणाऱ्या एका संस्कृत श्लोकामुळे, ज्यात आठही गणपतींची नावे क्रमाने गुंफलेली आहेत. ज्या माणसाने जन्मात मोरगाव ओलांडून पुढे पाऊल टाकले नाही, त्यालाही लग्नमंडपात उभ्या उभ्या आठांचे स्मरण घडत असे.

शास्त्रोक्त म्हणून सांगितला जाणारा यात्रेचा क्रम याच श्लोकाच्या अनुरोधाने जातो, आणि नकाशा समोर ठेवला की तो क्रम प्रवासासाठी रचलेला नसावा हे ध्यानात येते. मोरगाव आणि सिद्धटेक ही देशावरची पूर्वेकडील स्थाने झाल्यावर हा क्रम यात्रेकरूला सह्याद्री उतरवून कोकणपट्टीत पाली आणि महडला नेतो, तेथून घाट चढवून पुन्हा मुळा-मुठेच्या काठी थेऊरला आणतो, मग उत्तरेला जुन्नर तालुक्यातील लेण्याद्री व ओझर, नंतर शिरूर तालुक्यातील रांजणगाव, आणि यात्रा पूर्ण होण्यासाठी शेवटी पुन्हा मोरगाव. पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्या माणसाने असा मार्ग आपण होऊन आखला असता, हे संभवत नाही. आजचे सहल-आयोजकही हा क्रम पाळत नाहीत. ते रस्त्याच्या सोयीने स्थाने लावतात आणि मोरगावला परतण्याचा नियम बहुधा सोडून देतात. श्रद्धेच्या दृष्टीने यात उणे काही नाही, पण मुळात ही आठांची माळ स्मरणाची होती आणि चालण्याची वाट तिच्यावर नंतर बसवली गेली, असे यावरून मानण्यास जागा आहे.

देवळांचा बांधकामाचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. महडचे देऊळ १७२५ साली रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले. ओझरच्या देवळाचा संबंध वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी केलेल्या जीर्णोद्धाराशी जोडला जातो. पालीचे दगडी देऊळ नाना फडणवीसांच्या नावाशी निगडित आहे. सिद्धटेकचे सध्याचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधले. थेऊर आणि रांजणगाव येथे माधवराव पेशव्यांनी भर घातली. लेण्याद्रीचे देऊळ तर कोणी बांधलेच नाही. जुन्नरच्या डोंगरात इसवी सनाच्या पहिल्या शतकांत खोदलेल्या बौद्ध लेण्यांपैकी एका विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेल्या दालनात, पुढे केव्हातरी गणपतीची स्थापना झाली. अठराव्या शतकात गणेशभक्त पेशवे आणि त्यांचे सरदार यांच्या आश्रयाने या स्थानांना वैभव आले, हे आठांतील बहुतेकांना समान असले, तरी बहुतेक आश्रयदाते आपापल्या स्थानाशी बांधलेले होते.

चिंचवडच्या वाचकाला या इतिहासात आणखी एक धागा सापडतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मोरया गोसावी हे थोर गणेशभक्त मूळचे मोरगावचे. त्यांनी थेऊरला तपश्चर्या केली, पुढे पवनेच्या काठी चिंचवडला वास्तव्य केले आणि तेथेच संजीवन समाधी घेतली, असे परंपरा सांगते. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, पण समाधीवरील देवळाचे बांधकाम त्यांचे पुत्र चिंतामणी महाराज यांच्या काळात, १६५८-५९ च्या सुमारास झाले, असे तेथील शिलालेखाच्या आधारे मानले जाते. चिंचवडहून मोरगावला नियमाने वारी करणाऱ्या मोरयांना वृद्धापकाळी तो प्रवास झेपेना, तेव्हा कऱ्हा नदीत स्नान करताना त्यांच्या ओंजळीत गणेशमूर्ती आली आणि तीच चिंचवडला मंगलमूर्ती म्हणून स्थापली गेली, अशी कथा आहे. कथेचा ऐतिहासिक पुरावा मागणे व्यर्थ असले, तरी तिच्यातून त्या काळची यात्रेची कल्पना लख्ख दिसते. ती अनेक स्थाने जोडण्याची नव्हती. एकाच स्थानी पुन्हा पुन्हा जाण्याची होती. आजही भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते.

मोरयांच्या वंशजांना ‘देव’ म्हणत आणि सात पिढ्यांपर्यंत त्यांच्यात गणपतीचा अंश आहे, अशी श्रद्धा होती. या घराण्याला मराठी राज्यकर्त्यांकडून इनामे, म्हणजे ज्यांचा महसूल देवस्थानाच्या खर्चासाठी सोडून दिला आहे अशी गावे आणि जमिनी, मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी एडवर्ड मूर याने १८०० साली चिंचवडला भेट देऊन या ‘जिवंत देवा’चे वर्णन लिहिले, आणि देव घराणे व राजसत्ता यांच्या संबंधांवर लॉरेन्स प्रेस्टन यांचा स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या तीन स्थानांची व्यवस्था चिंचवड देवस्थानाकडे आहे. इतर पाच स्थानांचे विश्वस्त निरनिराळे आहेत. म्हणजे चिंचवडपुरते बोलायचे तर व्यवस्थेने आणि संप्रदायाने एकत्र बांधलेली स्थाने चिंचवड धरून चार होतात, आणि या चारांचे नाते कागदोपत्री सिद्ध आहे.

अनेक थांब्यांची यात्रा या परंपरेला अपरिचित होती, असे मात्र नाही. मोरगावात भाद्रपदी चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत द्वारयात्रा होते. मुख्य देवळाच्या चार दिशांना चार द्वारे कल्पून तेथील देवतांच्या दर्शनाला जाण्याची ही प्रथा आहे, आणि चिंचवडच्या भोवतीही अशी द्वारयात्रा आहे. थांबे अनेक, पण केंद्र एक. यात्रेकरू दिवसाअखेरीस पुन्हा त्याच देवापाशी येतो.

रेल्वेने या चित्रात पहिला बदल केला. १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबईकराला चिंचवड जवळ आले. पुढे सिद्धटेकसाठी दौंड, मोरगावसाठी जेजुरी, महडसाठी खोपोली अशी स्थानके सोयीची ठरली. पण रेल्वेने ही स्थाने एकमेकांना जोडली नाहीत. प्रत्येकाचे स्थानक वेगळे, स्थानकापासून पुढे बैलगाडी किंवा पायवाट, आणि सिद्धटेकला तर भीमा नावेतून ओलांडावी लागे. पूल झाल्यावर ती नाव मागे पडली. तोवर एका स्थानाला जाणे हाच एक पुरा प्रवास होता.

आठांची फेरी शक्य झाली ती एसटीमुळे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढील दोन-तीन दशकांत तालुक्यांच्या गावांपर्यंत डांबरी रस्ते पोचले. त्याच काळात चिंचवडच्या शेजारी नवे नगर उभे राहत होते : १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, सातारा, सोलापूर अशा सर्व बाजूंनी आलेल्या कामगार कुटुंबांना नेमका पगार, नेमकी साप्ताहिक सुटी आणि गावाकडून आलेल्या आईवडिलांना ‘काहीतरी दाखवण्याची’ इच्छा, या तिन्ही गोष्टी एकत्र लाभल्या. १९७९ साली ‘अष्टविनायक’ हा मराठी चित्रपट आला आणि त्यातील गीताने आठही स्थाने पडद्यावर एकापाठोपाठ दाखवली. श्लोकात जी माळ कानाला ठाऊक होती, ती आता डोळ्यांना दिसली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज टेम्पो कंपनीची ‘ट्रॅव्हलर’ ही छोटी प्रवासी गाडी बाजारात आली, आणि पूर्ण बस भरण्याइतकी माणसे न जमताही एका चाळीतील किंवा सोसायटीतील तीन-चार कुटुंबे मिळून फेरीला निघू लागली. पालखीच्या तुलनेत ही रीत अगदी कोवळी आहे.

आता या फेरीचा हिशेब पाहावा. मार्गाप्रमाणे थोडा फरक पडला, तरी पुणे परिसरातून आठही स्थाने करून परतण्यास साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते. घाट, गावांतले अरुंद रस्ते आणि वाहतूककोंडी धरून ताशी चाळीस किलोमीटरचा वेग मानला, तर सोळा तास गाडीत जातात. दोन दिवसांत जागेपणीचे तीस तास धरले, तरी जेवणखाण वगळता प्रत्येक स्थानाच्या वाट्याला जेमतेम तास-सव्वा तास येतो, आणि त्यातच दर्शनाची रांग, वाहनतळापासूनचे चालणे आणि लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या धरायच्या असतात. संकष्टीला, त्यातही मंगळवारी येणाऱ्या अंगारकीला, हा हिशेब पार कोलमडतो. दीड दिवसात आठ स्थानांचे आश्वासन देणाऱ्या सहलीत मूर्तीसमोर उभे राहण्याचे काही क्षण सोडले, तर उरते ती खिडकी.

भूगोलाची एक गोष्ट या पट्ट्यातील रहिवाशाच्या बाजूने आहे. आठांपैकी पाच स्थानांकडे जाणारे रस्ते याच परिसरातून फुटतात. जुन्या मुंबई रस्त्याने तळेगाव, लोणावळा करून खोपोलीला उतरले की महड आणि पुढे पाली. चाकणवरून नाशिक महामार्गाने नारायणगावकडे गेले की ओझर आणि लेण्याद्री. चाकण-शिक्रापूर रस्त्याने नगर महामार्गाला लागले की रांजणगाव. हाच रस्ता दिवसरात्र कारखान्यांचा माल वाहतो, आणि महागणपतीच्या शेजारी आज औद्योगिक वसाहत उभी आहे. तयार सहलीत पहिल्या रात्री ओझर किंवा लेण्याद्रीच्या आसपास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी महड-पालीकडे निघालेली गाडी बहुतेकदा चाकण आणि तळेगाव याच मार्गाने जाते. म्हणजे चाकणचे कुटुंब पैसे मोजून आपल्याच दारावरून पुढे जाते. मुंबईहून किंवा कोल्हापूरहून येणाऱ्याला एका फेरीत आठ स्थाने करण्याचे जे कारण आहे, ते या पट्ट्यातील माणसाला नाही.

म्हणून निर्णय माणसागणिक वेगळा होतो. ज्या वृद्धांनी आयुष्यात एकदा आठही गणपतींचे दर्शन घेण्याचा संकल्प केला आहे, ज्यांच्याजवळ वाहन नाही किंवा सोबत नाही, जे गावाकडून चार दिवसांसाठी आले आहेत, त्यांच्यासाठी एसटीची किंवा आयोजकाची सहल ही खरोखर मोठी सोय आहे, आणि तिला घाईची म्हणून नावे ठेवणे अन्यायाचे होईल. अशांनी दीड दिवसाऐवजी दोन पूर्ण दिवसांची सहल घ्यावी, अंगारकी टाळावी आणि लेण्याद्रीच्या पायथ्याशी किती वेळ थांबणार व डोलीची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे. परंतु ज्यांचे घर थेरगावला, भोसरीला किंवा चाकणला आहे, त्यांनी आठांची फेरी दिशांप्रमाणे तोडून तीन-चार स्वतंत्र दिवसांत करावी. एके दिवशी महड-पाली. एके दिवशी लेण्याद्री-ओझर, आणि तेथून जवळच असलेला शिवनेरी. एके दिवशी रांजणगाव. आणि थेऊर, मोरगाव, सिद्धटेक हे देव घराण्याशी बांधलेले त्रिकूट वेगळे, चिंचवडच्या समाधीपासून सुरुवात करून.

अशा सावकाश जाण्यात जे मिळते ते तासाभराच्या थांब्यात मिळत नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दालनाला मधे एकही खांब नाही आणि भिंतींलगत भिक्षूंच्या खोल्या आहेत, हे ध्यानात यायला दर्शन झाल्यावर थोडे मागे वळून थांबावे लागते. त्याच डोंगरातली इतर लेणी पाहायला तर आणखी वेळ हवा. थेऊरला क्षयाने खंगलेले माधवराव पेशवे अखेरच्या दिवसांत चिंतामणीच्या सान्निध्यात येऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई तेथे सती गेल्या आणि त्यांचे स्मारक नदीकाठी आहे. देवळापासून ते थोड्याच अंतरावर असले, तरी पुढच्या गावची रांग गाठण्याच्या घाईत असलेल्या गाड्या तिकडे सहसा वळत नाहीत.