काचेच्या पाठीवरचे चित्र

(१) कर्जत स्थानकावर वडापावासोबत वेफर्सचे पाकीट घेतलेत, तर त्यावरील रंगीत अक्षरांवर नख घासून पाहावे. रंग सहसा निघत नाही, कारण छपाई बाहेरून नसते. पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूस ती उलटी केलेली असते आणि तिच्यामागे दुसरा थर चिकटवलेला असतो. ही युक्ती प्लॅस्टिकहून फार जुनी आहे. तिचे पूर्वरूप म्हणजे काचचित्र.

(२) काचचित्र काचेच्या मागच्या बाजूस रंगवतात आणि पुढून पाहतात. त्यामुळे चित्रकाराचा सारा क्रम उलटतो. कागदावर शेवटी येणारे बुबुळ, नथीचे मोती आणि शालूची किनार येथे आधी काढावी लागते. मग चेहरा, वस्त्र आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. वरचे रंग चढल्यावर पहिली चूक दुरुस्त करता येत नाही.

(३) डावे-उजवेही बदलते. रंगवताना गणपतीची सोंड डावीकडे वळवली, तर दर्शन घेणाऱ्यास ती उजवीकडे दिसेल. देवघरात हा फरक लहान नव्हे.

(४) ही कला युरोपातून चीनमध्ये गेली. अठराव्या शतकात कँटनचे कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी अशी चित्रे करू लागले आणि सागरी व्यापाराबरोबर ती पश्चिम भारतात आली. चिनी चित्रकारांनी सातारा, कच्छ, म्हैसूर येथे काम केले. पुढे देशी कारागिरांनी देवदेवता, राजे आणि नायिका काचेवर उतरवल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे आजही पाहता येतात.

(५) मुंबई बंदरातून पुण्याकडे जाणारा मुख्य मार्ग पनवेल, चौक, खालापूर, खोपोली असा बोरघाटाला भिडे. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव या वाटेची साक्ष देतो. घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्यापूर्वी माल बैलांच्या पाठीवर नाहीतर माणसांच्या डोक्यावर चढे. या वाटेने गेलेली प्रत्येक काच किती जपून न्यावी लागली असेल!

(६) १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे घाटमाथ्यापलीकडील मळवलीस गेला. कागदावरची स्वस्त देवचित्रे घरोघरी पोहोचली. एकेक काच हाताने रंगवणाऱ्याला त्या वेगाशी स्पर्धा करणे अशक्य होते.

(७) पाकिटाच्या छपाईतही तोच क्रम टिकून आहे : अक्षरे आणि चित्रे आधी, मागचा पांढरा रंग शेवटी. भेद एकच. पाकिटातील शाई दोन थरांमध्ये सुरक्षित असते. काचचित्राला पुढून काचेचे कवच असते, पण त्याची पाठ उघडी असते.

(८) म्हणून एक विनंती. जुन्या वाड्यात, देवळात किंवा माळ्यावर अशी तसबीर सापडली, तर ती उघडून मागून ओले फडके फिरवू नये. दमटपणाने सुटू लागलेला रंग त्या एका हाताने निघून जाईल. पुढची काच कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावी, तसबीर ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी. ज्याला आपण धूळ समजून पुसतो, ते कदाचित चित्रच असते.