दगडावरचा रायनाक

आपटा म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. दसऱ्याचं सोनं, नाहीतर डीडीएलजे. (हो, शाहरुख काजोलला गाडीत ओढून घेतो ते स्टेशन आमचंच. १९९५ पासून गावाकडे तेवढंच भांडवल आहे!) मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, "तू पुण्यात नगर रोडला कामाला ना? मग कोरेगावच्या खांबावर आमचा रायनाक आहे का, तेवढं बघून ये. मला आता गर्दीत जाववत नाही."

त्यांच्या घरात एवढंच सांगत आलेत की फार पूर्वी कुणी रायनाक पलटणीत होता. गाव, हुद्दा, कागद, काही नाही.

लाजेची गोष्ट म्हणजे चार वर्षं त्याच रस्त्यावर हापिसात जातोय, पण पुढे पेरण्यापर्यंत जाऊन तो स्तंभ कधी पाहिला नव्हता. शनिवारी बाईक काढली.

१ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टाँटनची आठशेच्या आसपास माणसं शिरूरहून रात्रभर चालून भीमेकाठी पोचली आणि समोर दुसऱ्या बाजीरावाची प्रचंड फौज. दिवसभर लढाई झाली, अन्नपाण्याशिवाय. रात्री पेशव्यांचं सैन्य निघून गेलं. कंपनीची २७५ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. १८२१ मध्ये कंपनीने इथे साठ फुटी स्तंभाचा पाया घातला. आपल्या विजयासाठीच, त्यात भाबडं होण्यासारखं काही नाही. पण साहेबाने एक गोष्ट केली. मेलेल्या साध्या शिपायांची नावं दगडात कोरली. एकूण ४९, त्यातली २२ 'नाक' वर संपणारी, म्हणजे महारांची. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी के नाही, सी आहे. मी मनातल्या मनात शेवटची तीन अक्षरं ग्रेप करत सुटलो. ईसनाक, गुणनाक... आणि रायनाक!

आता हा आजोबांचाच का? दगडावर गावं नाहीत. रायनाक हे त्या काळी घरोघरचं नाव असणार.

पण नाव असण्याची किंमत पुढच्या इतिहासात कळते. १८९२ मध्ये इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. म्हणे ते 'लढवय्ये' नाहीत. ज्यांची नावं स्वतः कोरली त्यांच्याच नातवंडांना! महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर हवालदार. त्यांनी १८९४ मध्ये पूर्वजांच्या चाकरीचा दाखला देत भरतीसाठी अर्ज लिहिला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला आले, आणि कंपनीचा स्तंभ लोकांचा झाला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला. २०१८ च्या १ जानेवारीला इथे हिंसाचार झाला, एकाचा जीव गेला. दोनशे वर्षांनंतरही दगड तापलेलाच!

घरी येऊन रात्री नेटवर वाचत बसलो तर ऑस्ट्रेलियाची गोष्ट अगदी शेजारची वाटली. तिथल्या १९०९ च्या कायद्याने मूळनिवासींना सैन्यसेवेतून वगळलं होतं. तरी पहिल्या महायुद्धात हजाराच्या वर लोक गेले, काही जात लपवावी तसा वंश लपवून. १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली, तेव्हा आई-बापांतलं एक गोरं असेल तर चालेल असं ठरलं! परत आल्यावर गोऱ्या सैनिकांना मिळाल्या तशा जमिनी त्यांच्यातल्या बहुतेकांना मिळाल्या नाहीत. ॲडलेडला त्यांचं वेगळं स्मारक झालं ते थेट २०१३ मध्ये. म्हणजे आपले ४९ जण नशीबवान म्हणायचे का? मला नाही तसं वाटत. नाव लगेच मिळालं, भाकरी मात्र काढून घेतली. दोन्हीकडे हिशोब एकच, फक्त क्रम उलटा.

असो. पुढच्या रविवारी आपट्याला गेलो आणि आजोबांना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, पार अक्षरं फुटेपर्यंत. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की हा तुमचाच असेल असं नाही.

"गाव का नाही लिहिलं रे त्यांनी?" एवढंच म्हणाले. फोन परत देईनात.

थोड्या वेळाने विचारलं, "एक जानेवारीला सुट्टी मिळेल का तुला?"