वसमत कोणत्या जिल्ह्यात?

1955 साली वसमतला जन्मलेल्या आणि आयुष्यात एकदाही घर न बदललेल्या आजीबाई तीन राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत राहिल्या आहेत. जन्म हैदराबाद राज्यातला. 1 नोव्हेंबर 1956पासून द्विभाषिक मुंबई राज्य, 1 मे 1960पासून महाराष्ट्र. जिल्हा मात्र परभणीच राहिला. पुढे 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि वसमत तिकडे गेलं.

मी डेटाबेसची कामं करतो. स्वतः परभणीचा असूनही हा इतिहास मला नीट कळला तो एका चुकलेल्या कोष्टकामुळे. जनगणनेचे आकडे जिल्हावार जोडत होतो. परभणी, 1991: सुमारे 21 लाख. 2001: सव्वापंधरा लाख. दहा वर्षांत सहा लाख माणसं गायब! एसक्यूएलनं तक्रार केली नाही. क्वेरी सुरळीत चालली, म्हणूनच चूक उशिरा सापडली. माणसं कुठंच गेली नव्हती. 2001च्या हिंगोलीच्या पावणेदहा लाखांहून थोडी अधिक लोकसंख्या मिळवली, की जुन्या परभणीचा आकडा 25 लाखांवर जातो.

मग मी दुसरी चूक केली. एका ‘अपडेट’नं वसमत, कळमनुरी, हिंगोली या तालुक्यांपुढचा जिल्हा बदलून टाकला. आता कोष्टकाप्रमाणे 1991 सालीही हिंगोली जिल्हा होता! असंच कोष्टक दाखले तपासायला वापरलं, तर आजीबाईंच्या जुन्या कागदावरचं ‘जिल्हा परभणी’ चूक ठरतं. खरा कागद हातात असून त्यांना खिडकीवरून परत फिरावं लागतं.

एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल मांडलं. चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 साली त्यावर ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. या मॉडेलमध्ये कोष्टकातली प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान. ‘वसमत हिंगोली जिल्ह्यात आहे’ हे विधान खरं, पण अपुरं. कधीपासून, ते त्यात नाही. कालावधीची सोय एसक्यूएलच्या प्रमाणात 2011 साली आली, पण तारखेचे दोन रकाने तर पहिल्यापासून आपल्या हातात होते.

म्हणून आता कुणी विचारलं तर सांगतो: जुनी ओळ पुसू नका. तिला शेवटची तारीख द्या आणि नवी ओळ घाला. सुरुवातीचा दिवस धरा, शेवटचा सोडा. दोन्ही ओळींत 1 मे 1999 असताना ‘बिटवीन’ वापरलंत, तर त्या दिवशी वसमत दोन्ही जिल्ह्यांत सापडेल आणि बेरीज फुगेल. चालू ओळीची शेवटची तारीख ‘नल’ ठेवली असेल, तर ती अट वेगळी लिहा. ‘नल’शी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही, त्यामुळे आजचं वसमतच यादीतून गळेल. जोडणी झाल्यावर जिल्ह्यांची बेरीज राज्याच्या आकड्याशी ताडून पाहा.

माझ्या कोष्टकात आता परतूरच्याही दोन ओळी आहेत: 1 मे 1981पर्यंत परभणी, त्या दिवसापासून जालना. आणि आजीबाईंची जन्मतारीख घातली, की उत्तर येतं: वसमत, जिल्हा परभणी, राज्य हैदराबाद. त्यांच्या कागदावरही तेच आहे.